मुरुमांच्या वणांवरील उपचार

मुरूम अथवा तारुण्यपीटिका शमल्यानंतर त्वचेत कायम राहणाऱ्या खड्ड्यांना किंवा उंचवट्यांना मुरुमांचे वण असे म्हणतात. मुरुमाच्या दाहामुळे त्वचेचा खालचा थर दुखावतो. तो भरून येताना पुरेसे कोलॅजेन तयार झाले नाही तर खड्डा पडतो आणि गरजेपेक्षा जास्त तयार झाले तर गाठ उरते. गाल, कानशिले, हनुवटी, खांदे व पाठ या भागांत हे वण प्रामुख्याने आढळतात. ते आपोआप जात नाहीत आणि कोणतेही मलम लावून खड्डा भरत नाही. सुई, आम्ल, लहान शस्त्रक्रिया आणि लेझर यांच्या साहाय्याने मात्र ते बरेच उथळ करता येतात. वणाचा आकार आणि त्वचेचा रंग या दोन गोष्टींवर उपचाराची निवड अवलंबून असते. यंत्र किती नवे आहे, याला दुय्यम महत्त्व आहे.

सातारा व सांगली या दक्षिण महाराष्ट्रातील जिल्ह्यांत या निवडीला आणखी काही बाबींची जोड मिळते. येथील बहुसंख्य लोकांची त्वचा गव्हाळ ते सावळी आहे, शेतीमुळे उन्हाशी रोजचा संबंध आहे आणि महागडी यंत्रे मोठ्या शहरांत एकवटलेली आहेत. अशा परिस्थितीत साध्या सुईने होणारे, कमी खर्चाचे उपचार अधिक उपयुक्त ठरतात.

डाग आणि वण

मुरूम गेल्यावर मागे राहणारी प्रत्येक खूण म्हणजे वण नव्हे. अनेकदा त्वचेची पातळी सपाट असते, फक्त रंग बदललेला असतो. दाहामुळे मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार झाल्यास तपकिरी किंवा काळपट डाग पडतो, तर सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्या असल्यास लालसर डाग दिसतो. सावळ्या त्वचेत तपकिरी डाग अधिक प्रमाणात आढळतात. हे डाग काही महिन्यांत, कधी वर्षभराहून अधिक काळाने, बहुधा फिके होतात. सनस्क्रीन, अॅझेलाइक आम्ल व रेटिनॉइड वर्गातील मलमे यांनी ते लवकर जाण्यास मदत होते.

हा फरक ओळखण्याची रीत सोपी आहे. खिडकीजवळ उभे राहून चेहऱ्यावर बाजूने उजेड पडू द्यावा. खड्डा असेल तर त्याच्या कडेला सावली पडते. डाग असेल तर पडत नाही. डागांना वण समजून लेझर करून घेणे हा निव्वळ खर्च असतो, आणि सावळ्या त्वचेत त्यामुळे डाग अधिक गडद होण्याचीही शक्यता असते.

वण कसे तयार होतात

त्वचेतील केशपुटकाचे तोंड मृत पेशी व सीबम या तेलकट स्रावाने बंद झाले की त्यात जिवाणू वाढतात आणि दाह सुरू होतो. केशपुटकाची भिंत फुटली तर आतील द्रव्य अंतस्त्वचेत पसरते. शरीर त्या भागात पांढऱ्या पेशी पाठवते आणि त्यांच्या विकरांमुळे आजूबाजूचे कोलॅजेनही विरघळते. दाह जितका खोल आणि जितका अधिक काळ टिकेल, तितके हे नुकसान वाढते. म्हणून पू भरलेल्या मोठ्या गाठींनंतर वण पडण्याची शक्यता सर्वाधिक असते. मात्र लहान मुरूम दीर्घकाळ उपचाराविना राहिल्यासही वण पडू शकतात. मुरूम नखाने फोडणे किंवा दाबून पू काढणे यामुळे भिंत आतल्या बाजूस फुटते आणि दाह खोलवर जातो. आनुवंशिकतेचाही यात वाटा असतो. एकाच प्रकारचे मुरूम असलेल्या दोन भावंडांपैकी एकालाच वण राहिल्याचे दिसू शकते.

एकूण वणांपैकी सुमारे ८० ते ९० टक्के वण खड्ड्यांच्या स्वरूपाचे असतात. उरलेले वण उंचवट्यांच्या किंवा केलॉइड नावाच्या गाठींच्या स्वरूपाचे असतात.

वणांचे प्रकार

खड्ड्यांचे तीन प्रकार मानले जातात. हे वर्गीकरण २००१ मध्ये मांडले गेले आणि आजही उपचार ठरवताना तेच वापरले जाते.

पहिला प्रकार आइसपिक. हे वण वरून दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद, पण खोल असतात. दाभणाने टोचल्यासारखे भोक दिसते आणि ते खाली निमुळते होत जाते. खड्ड्यांच्या वणांत यांचे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे सुमारे ६० ते ७० टक्के असते. दुसरा प्रकार बॉक्सकार. यांचा तळ सपाट व कडा उभ्या असतात आणि रुंदी साधारण दीड ते चार मिलिमीटर असते. कांजिण्यांनंतर राहणारी खूण पाहिली असल्यास या वणाची कल्पना येते. जुन्या पिढीतील लोकांच्या चेहऱ्यांवर दिसणारे देवीचे वण हेही काहीसे असेच असत. भारतातील देवी रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, त्यामुळे ते वण आता क्वचितच पाहावयास मिळतात. तिसरा प्रकार रोलिंग. हे वण चार-पाच मिलिमीटरहून रुंद आणि लाटांसारखे उथळ असतात. गादी भरल्यावर टाका घातला की तेथे खळगा पडतो, त्याचप्रमाणे त्वचेखालील तंतूंचे पट्टे वरचा पृष्ठभाग आत ओढून धरतात आणि खळगा तयार होतो. टाका न उसवता गादीचा खळगा वरून कितीही थोपटला तरी जात नाही. या वणांवर पृष्ठभागावरचे उपचार अपुरे पडतात, त्याचे कारण हेच.

एकाच चेहऱ्यावर तिन्ही प्रकारचे वण असणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून एकाच उपचाराने सर्व वण जातील असे आश्वासन मिळाल्यास ते सावधपणे घेणे इष्ट ठरते.

वणांची तीव्रता मोजण्यासाठी गुडमन व बॅरन यांनी २००६ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची श्रेणी भारतातील त्वचारोगतज्ज्ञही वापरतात. पहिल्या श्रेणीत केवळ रंगाचा फरक असतो. दुसऱ्या श्रेणीतील वण ५० सेंटिमीटर अंतरावरून जाणवत नाहीत. तिसऱ्या श्रेणीतील वण त्या अंतरावरून दिसतात, पण त्वचा बोटांनी ताणल्यास सपाट होतात. चौथ्या श्रेणीतील वण ताणूनही सपाट होत नाहीत. या श्रेणीसाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

प्रतिबंध

वणांवरील सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपचार म्हणजे मुरुमांचा वेळेवर उपचार. मुरूम वयाचा भाग आहेत, लग्न झाले की जातील, असे सांगून तो लांबवण्याची प्रवृत्ती ग्रामीण व शहरी अशा दोन्ही भागांत दिसते. मुरूम पुढे जातातही. पण त्या चार-पाच वर्षांत पडलेले खड्डे जात नाहीत.

सौम्य ते मध्यम मुरुमांसाठी अॅडापलीन व बेंझॉइल पेरॉक्साइड यांची मलमे वापरली जातात. २४ आठवड्यांच्या एका चाचणीत चेहऱ्याच्या एका बाजूस हे मिश्रण आणि दुसऱ्या बाजूस औषध नसलेले मलम लावण्यात आले. औषध लावलेल्या बाजूस वणांची संख्या घटली, तर दुसऱ्या बाजूस ती वाढली. गाठींच्या तीव्र मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन हे पोटातून घ्यावयाचे औषध दिले जाते. अमेरिकेत त्यास १९८२ मध्ये मान्यता मिळाली. गर्भावर त्याचे गंभीर दुष्परिणाम होत असल्यामुळे उपचार चालू असताना आणि ते थांबवल्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळणे अत्यावश्यक असते. विवाह ठरलेल्या मुलींच्या बाबतीत ही गोष्ट डॉक्टरांना मोकळेपणाने सांगणे गरजेचे आहे.

हे औषध घेतल्यानंतर सहा महिने चेहऱ्यावर कोणतीही प्रक्रिया करू नये, असा नियम पूर्वी सर्रास पाळला जाई. २०१७ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा मायक्रोनीडलिंग, सौम्य पील व बऱ्याच लेझर प्रक्रियांसाठी इतके थांबण्यास आधार आढळला नाही. यंत्राने त्वचा खरवडणे आणि संपूर्ण चेहऱ्यावरील खोल लेझर यांबाबत मात्र सावधगिरीचा सल्ला कायम आहे.

हळद आणि अन्य घरगुती उपाय

सांगली ही हळदीची देशातील एक प्रमुख बाजारपेठ आहे. शहराजवळच्या हरिपूर येथे जमिनीत खणलेल्या पेवांमध्ये हळद साठवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे आणि सांगलीच्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साहजिकच या भागात चेहऱ्याच्या कोणत्याही तक्रारीवर पहिला उपाय म्हणून हळदीचा लेप सुचवला जातो.

हळदीतील कर्क्युमिन या घटकात दाह कमी करण्याचा गुण आहे. जखमेवर हळद लावण्याच्या प्रथेचा प्रश्न तर आंतरराष्ट्रीय पातळीपर्यंत गेला होता. १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. हा वापर भारतात पूर्वापार चालत आला आहे, हे जुने ग्रंथ व शोधनिबंध सादर करून दाखवण्यात आले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. परंतु त्या वादाचा विषय जखम हा होता. वण म्हणजे भरून आलेली, बंद झालेली जखम. तेथे कोलॅजेनची उणीव असते, आणि ती बाह्यत्वचेवर लावलेल्या लेपाने भरून निघत नाही. हळदीने त्वचेचा रंग दोन दिवस एकसारखा भासतो, त्यामुळे खड्डे कमी झाल्याचा समज होत असावा.

हळद निदान निरुपद्रवी तरी आहे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन गडद डाग पडू शकतात. टूथपेस्ट आणि खाण्याचा सोडा यांनीही त्वचा चुरचुरते व दाह वाढतो. ऑनलाइन मिळणारे तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घरी वापरणे धोकादायक आहे. अननुभवी हातांनी वापरलेल्या या आम्लाने मूळ वणापेक्षा मोठा वण पडतो.

स्टेरॉइडयुक्त मलमे

घरगुती उपायांपेक्षा अधिक नुकसान औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या मलमांनी होते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइडे असलेली मलमे चेहऱ्याला लावल्यावर सुरुवातीस मुरुमांची लाली ओसरते आणि रंग उजळल्यासारखा वाटतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसू लागतात, नको तेथे लव वाढते आणि मुरूम पूर्वीपेक्षा जोमाने उसळतात. मलम थांबवले की चेहरा लाल होऊन जळजळतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. गोरे दिसण्याच्या आकांक्षेचा या चक्राला मोठा हातभार लागतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या गैरवापराविरुद्ध दीर्घकाळ मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांच्या मलमांचा समावेश अनुसूची 'एच'मध्ये केला. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. स्टेरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर वणांचे उपचार सुरू करण्यापूर्वी ती पूर्ववत होण्यासाठी काही महिने थांबावे लागते.

वणांचे उपचार

सक्रिय मुरूम आटोक्यात आल्यावर वणांचे उपचार सुरू केले जातात. एकीकडे नवे मुरूम येत असताना जुने खड्डे भरत बसण्यात अर्थ नसतो.

सबसिजन हा रोलिंग वणांवरील मुख्य उपचार आहे. अमेरिकेतील ऑरेंट्राइख पिता-पुत्रांनी १९९५ मध्ये त्याचे वर्णन केले. भाग बधिर करून वणाच्या कडेने एक सुई त्वचेखाली सरकवली जाते आणि ती आडवी पंख्यासारखी फिरवून त्वचा खाली ओढणारे तंतू कापले जातात. वरच्या उपमेत सांगायचे तर गादीचा टाका उसवला जातो. मोकळ्या झालेल्या जागेत थोडे रक्त साठते आणि पुढे तेथे नवे कोलॅजेन तयार होते. एक ते दोन आठवडे चेहरा काळानिळा दिसतो. इंजेक्शनच्या साध्या सुईनेही हे करता येते; अलीकडे बोथट टोकाची कॅन्युला वापरली जाते, तिच्यामुळे रक्तस्राव कमी होतो. बाह्यत्वचेला सुईच्या छिद्राखेरीज इजा होत नसल्याने सावळ्या त्वचेत हा उपचार बराच सुरक्षित मानला जातो. एवढ्या कमी साहित्यात एवढा परिणाम देणारी दुसरी प्रक्रिया या क्षेत्रात क्वचितच आढळते.

आइसपिक वणांसाठी टीसीए क्रॉस ही पद्धत वापरली जाते. दक्षिण कोरियातील डॉक्टरांनी २००२ मध्ये ती प्रसिद्ध केली. अणकुचीदार केलेल्या लाकडी काडीच्या टोकाने तीव्र ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल खड्ड्याच्या तळाशी टेकवले जाते. क्षणार्धात तो बिंदू पांढरा पडतो, पुढे खपली धरते आणि साधारण आठवडाभरात ती गळते. खड्ड्याच्या भिंतींना झालेल्या नियंत्रित इजेमुळे नवे कोलॅजेन तयार होऊन भोक आतून भरत जाते. मूळ पद्धतीत ६५ व १०० टक्के तीव्रतेचे आम्ल वापरले होते. भारतीय त्वचेत काळे डाग टाळण्यासाठी अनेक डॉक्टर कमी तीव्रतेपासून सुरुवात करतात. सुमारे चार आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा ही क्रिया करावी लागते. काडी, आम्ल आणि स्थिर हात एवढ्यावर ती होते, आणि तिचे यश मुख्यतः त्या हातावरच अवलंबून असते.

मायक्रोनीडलिंगमध्ये दीड ते अडीच मिलिमीटर लांबीच्या बारीक सुया असलेला रोलर किंवा विजेवर चालणारे पेन त्वचेवर फिरवले जाते. सुयांनी पडलेली असंख्य छिद्रे एक-दोन दिवसांत बुजतात, पण त्यामुळे आत दुरुस्तीची प्रक्रिया सुरू होते. उथळ बॉक्सकार व रोलिंग वणांवर याचा चांगला उपयोग होतो. आइसपिक वणांवर फारसा होत नाही. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा सत्रे लागतात. काही ठिकाणी रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातून वेगळा केलेला, प्लेटलेट्सनी समृद्ध असा द्रव त्यासोबत लावला जातो. त्याने थोडा अधिक लाभ होतो असे काही अभ्यासांत दिसले आहे, तथापि वाढणाऱ्या खर्चाच्या मानाने तो माफक आहे. घरगुती वापरासाठी विकल्या जाणाऱ्या रोलरच्या सुया बहुधा खड्ड्यांवर परिणाम होण्याइतक्या लांब नसतात. लांब सुयांचा रोलर घरी वापरल्यास जंतुसंसर्गाची भीती असते. असा रोलर दोघांनी मिळून वापरणे कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून रक्तावाटे पसरणारे आजार होऊ शकतात.

खोल व उभ्या कडांच्या मोजक्या वणांसाठी पंच शस्त्रक्रिया केली जाते. वणाच्या मापाच्या गोल पात्याने तो भाग कापून एखादा टाका घातला जातो, किंवा तळ चांगला असल्यास तो कापून पृष्ठभागाच्या पातळीपर्यंत उचलला जातो. एका खोल खड्ड्याच्या जागी एक बारीक रेघ उरते, असा हा सौदा आहे.

लेझरमध्ये कार्बन डायऑक्साइड आणि अर्बियम हे दोन प्रकार अधिक वापरात आहेत. पूर्वी लेझरने संपूर्ण पृष्ठभाग सोलला जाई आणि सावळ्या त्वचेत त्याचे दुष्परिणाम मोठे असत. २००४ मध्ये फ्रॅक्शनल तंत्र पुढे आले. त्यात किरण सूक्ष्म स्तंभांच्या रूपाने त्वचेत जातो आणि दोन स्तंभांमधील त्वचा अबाधित राहते, त्यामुळे जखम लवकर भरते. मध्यम स्वरूपाच्या बॉक्सकार वणांवर हा उपचार प्रभावी आहे. तपकिरी डाग पडणे हा त्याचा सावळ्या त्वचेतील नेहमीचा दुष्परिणाम असून तो कमी ठेवण्यासाठी स्तंभांची घनता कमी ठेवतात आणि सत्रांची संख्या वाढवतात. सुयांमधून रेडिओ लहरींची उष्णता थेट अंतस्त्वचेत सोडणारी यंत्रेही आहेत. त्यांत वरचा थर तुलनेने सुरक्षित राहतो, म्हणून भारतीय त्वचेसाठी अनेक तज्ज्ञ त्यांना पसंती देतात.

ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचे सौम्य पील डागांवर व अगदी उथळ वणांवर उपयोगी असतात. खोल खड्ड्यांवर त्यांचा परिणाम होत नाही. फिनॉलचे खोल पील सावळ्या त्वचेत टाळले जातात. हायल्युरोनिक आम्लाचे फिलर टोचून खड्डा लगेच उचलता येतो, परंतु परिणाम साधारण वर्षभरात ओसरतो. १९५० च्या दशकात रूढ झालेली त्वचा खरवडण्याची पद्धत आता मागे पडली आहे.

जबड्याची कड, छाती, खांदे व पाठ येथे उंच वण किंवा केलॉइड होतात. त्यांत साधारण दर चार आठवड्यांनी ट्रायअॅमसिनोलोनचे इंजेक्शन दिले जाते आणि सिलिकॉनचे जेल अथवा पट्टी लावली जाते. केलॉइड नुसता कापून काढल्यास तो बहुधा परत येतो, अनेकदा पूर्वीहून मोठा. ज्यांच्या अंगावर केलॉइड होण्याची प्रवृत्ती आहे त्यांनी लेझर वा पंचपूर्वी तसे अवश्य सांगावे.

२०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २४ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यांत एकूण ७८९ रुग्ण होते. कोणताही एक उपचार निर्विवादपणे श्रेष्ठ म्हणता येईल इतका भक्कम पुरावा त्यांत आढळला नाही. प्रत्यक्ष व्यवहारात म्हणूनच संयुक्त उपचार केले जातात. रोलिंग वणांना सबसिजन, आइसपिकना आम्ल आणि नंतर सर्व चेहऱ्यावर मायक्रोनीडलिंग किंवा लेझर हा क्रम पुष्कळ ठिकाणी दिसतो. वण पूर्णपणे नाहीसे होणे हे वास्तव उद्दिष्ट नाही. चौथ्या श्रेणीचा चेहरा दुसऱ्या श्रेणीवर आला तर तो उत्तम परिणाम मानला जातो.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील सोयी

सांगली जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने वेगळा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्यास सध्याचे नाव मिळाले. वैद्यकीय सेवेच्या दृष्टीने हा पट्टा आजही बराचसा एकसंध आहे. मिरज येथे १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभारल्यापासून दूरच्या भागांतील रुग्ण उपचारांसाठी तेथे येत आले आहेत. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झाले; सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय त्यास संलग्न आहे. कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून, तर सांगलीत भारती विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय २००५ पासून आहे. साताऱ्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात २०२१-२२ या शैक्षणिक वर्षात पहिली तुकडी दाखल झाली.

वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेल्या रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. शासकीय रुग्णालयात नाममात्र शुल्कात मुरुमांचे निदान होऊन औषधोपचार सुरू होऊ शकतो, आणि वण टाळण्याच्या दृष्टीने हाच टप्पा निर्णायक असतो. सबसिजन, टीसीए व मायक्रोनीडलिंग यांना मोठे यंत्र लागत नाही. त्यामुळे प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या तालुक्याच्या गावीही ते होऊ शकतात. लेझरसाठी पुणे किंवा कोल्हापूर गाठण्याचा विचार पुष्कळ जण आधी करतात. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, सांगलीहून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर. पण माण, खटाव, आटपाडी वा जत तालुक्यातील रुग्णास चार-सहा सत्रांसाठी प्रत्येक वेळी दिवस मोडून, मजुरी बुडवून जावे लागते. उपचाराच्या खर्चात हा खर्चही धरावा लागतो. आरोग्य विम्यात सौंदर्यविषयक उपचार सर्वसाधारणपणे वगळलेले असतात, त्यामुळे खासगी ठिकाणचा सारा भार कुटुंबावर पडतो. वणांचा प्रकार तपासून न घेता सत्रांचे संपूर्ण पॅकेज आगाऊ पैसे भरून घेणे यामुळेच हिताचे नसते.

उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगशास्त्रातील एम.डी., डी.एन.बी. अथवा पदविकाधारक आहे का आणि तिची महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नसावा. ब्युटी पार्लरमध्ये मिळालेल्या प्रमाणपत्राच्या आधारे कोणी तीव्र आम्ल किंवा लांब सुया वापरत असेल, तर तेथे उपचार घेऊ नयेत.

ऊन आणि वेळापत्रक

उपचारानंतर काही आठवडे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील असते आणि याच काळात काळे डाग पडतात. ऊसतोड, द्राक्षबागेतील छाटणी, बेदाण्याच्या शेडवरील काम किंवा दुचाकीवरचा रोजचा प्रवास करणाऱ्यांना घरात थांबण्याचा सल्ला देणे व्यर्थ असते. त्यांच्यासाठी रुंद काठाची टोपी किंवा स्वच्छ सुती ओढणी, दर दोन-तीन तासांनी लावलेले किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन आणि कामाचा हंगाम टाळून घेतलेली तारीख हेच व्यवहार्य उपाय आहेत. लेझरनंतरचे पहिले चार-पाच दिवस धूळ व घाम टाळता येत नसेल, तर सबसिजनसारखा बाह्यत्वचा न सोलणारा उपचार निवडणे शहाणपणाचे असते. पावसाळ्यात ऊन कमी असल्याने अनेक जण तेव्हा उपचार सुरू करतात; मात्र ढगांतूनही अतिनील किरण येतात, त्यामुळे सनस्क्रीन बंद करता येत नाही.

वणांचा मनावरील परिणाम क्षुल्लक नसतो. वण असलेल्या तरुणांत न्यूनगंड, लोकांत मिसळणे टाळणे आणि नैराश्य यांचे प्रमाण अधिक आढळते. त्यातच स्थळ पाहण्याच्या वेळी चेहऱ्याची उघड चर्चा होते आणि घाईने उपचारांची चौकशी सुरू होते. नवे कोलॅजेन मात्र आपल्या गतीने तयार होते. शेवटच्या सत्रानंतरही तीन ते सहा महिने सुधारणा होत राहते. सहा आठवड्यांच्या अंतराने चार सत्रे धरली तर पहिल्या सत्रापासून शेवटच्या सत्रापर्यंत सुमारे चार महिने लागतात आणि त्यापुढे भरून येण्याचा काळ असतो. वैशाखातील लग्नासाठी आदल्या आषाढात सुरुवात केल्यास हा हिशेब बसतो. महिनाभर आधी सुरुवात केल्यास सुजलेल्या किंवा डाग पडलेल्या चेहऱ्याने मांडवात उभे राहण्याची वेळ येते. अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ बहुधा मेकअपचा सल्ला देतात आणि उपचार लग्नानंतर सुरू करतात.